पाठ झालं की उजवीकडे

इंग्रजी शिकायला लोकांची वर्षानुवर्षं जातात. मी नऊ दिवसांत शिकलो! थाप वाटत असेल तर आमच्या लाँड्रीत येऊन खात्री करून घ्या. काउंटरवर आता मीच बसतो.

त्याआधीची एकवीस वर्षं मी याच लाँड्रीच्या मागच्या खोलीत वाफेच्या इस्त्रीपुढे उभा होतो. उभा म्हणजे अक्षरशः उभा. संध्याकाळी घरी गेलो की माझे गुडघे माझ्या आधी कुरकुरायला लागायचे. पुढच्या बाजूला काउंटर, काउंटरमागे खुर्ची, खुर्चीच्या डोक्यावर पंखा. जुने काउंटरवाले काका मध्यंतरी मुलाकडे राहायला गेले, आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून माझा जीव नुसता तुटायचा. खरं सांगतो, मला ती खुर्ची हवी होती, बायकोला दागिना हवा असतो त्याहून जास्त!

एका गुरुवारी मालकांनी आम्हाला गोळा केलं.

"नदीकाठचं मोठं हॉटेल त्यांचे सगळे कपडे आपल्याकडे द्यायचं म्हणतंय. तिथल्या मॅनेजर मॅडम परदेशी आहेत. पुढच्या शनिवारी अकरा वाजता बोलायला येणार. मला इंग्रजी येत नाही. जो त्यांच्याशी बोलेल त्याला काउंटर! कुणीच नसेल तर बाहेरून माणूस आणतो."

"मी बोलेन!" मी म्हणालो.

शेजारी घड्या घालणाऱ्या मावशींना ठसका लागला. मावशी म्हणजे आमच्या लाँड्रीचा कणा. मी इस्त्री करायची, त्यांनी घडी घालून पुडा बांधायचा. बाई अशी प्रामाणिक की शर्टाच्या खिशात कुणाचं बडीशेपेचं पाकीट राहिलं तरी ते इस्त्रीनंतर त्याच खिशात परत जायचं. आमच्याकडे भिंतीवर मोठ्या अक्षरांत नियमच लिहिलाय: खिशातलं खिशात. इस्त्रीआधी खिशातली वस्तू मी काढून टेबलाच्या उजव्या कडेला ठेवतो, आणि पुडा बांधताना मावशी ती परत खिशात सरकवतात.

घरी जाऊन मी बेत जाहीर केला.

"अहो, तुम्ही मराठीतसुद्धा 'हं'च्या पुढे जात नाही," बायको म्हणाली. "परदेशी बाईशी काय बोलणार?"

पण कॉलेजात जाणारी माझी लेक बापाच्या पाठीशी उभी राहिली. तिने माझी दहा मिनिटं परीक्षा घेतली आणि निदान केलं.

"बाबा, सुटे शब्द तुम्हाला बरेच येतात. तुमची गाडी अडते ती जोड्यांपाशी. गिव्ह म्हणजे देणे. पण गिव्ह अप म्हणजे नाद सोडणे, गिव्ह इन म्हणजे नमतं घेणे आणि गिव्ह अवे म्हणजे वाटून टाकणे."

"म्हणजे माणूस तोच, पण कुणाबरोबर बसलाय त्यावर त्याचा स्वभाव ठरतो!"

"अगदी बरोबर! याला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. हे शंभर पाठ करा, तुमचं काम फत्ते."

तिने आकडे घालून शंभरांची यादी दिली. आता पद्धत माझी बघा! कपड्यांना लावायचे कोरे टॅग आमच्याकडे पोत्याने पडलेले असतात. शंभर टॅग घेतले. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ, खाली यादीतला आकडा. चिठ्ठ्यांचा गठ्ठा इस्त्रीच्या डावीकडे. एक शर्ट, एक चिठ्ठी. शर्ट कडक होईपर्यंत घोकायचं. पाठ झालं की उजवीकडे!

शुक्रवारी बारा पाठ झाले. शनिवारी पंधरा. मी वाफेच्या तालावर "पुट ऑफ, पुढे ढकलणे! पुट आउट, विझवणे!" असं ओरडायचो आणि मावशी म्हणायच्या, "अरे, जरा हळू विझव." डावीकडचा गठ्ठा भराभर उतरत होता. उजवीकडे मात्र कधी ढीग साचत नव्हता. पाठ झालेल्या चिठ्ठ्या जातात कुठे, हा प्रश्न मला पडला नाही. ज्ञान वाढायला लागलं की माणसाला असले फुटकळ प्रश्न पडत नाहीत.

बुधवारी हॉटेलकडून नमुन्याचे सहा कपडे आले. त्यात मॅडमचं स्वतःचं राखाडी जाकीटही होतं. त्याला मी अशी इस्त्री केली की त्याच्या बाहीने पाव कापता आला असता! शुक्रवारी संध्याकाळी शंभरावी चिठ्ठी उजवीकडे गेली आणि मी घरी जाऊन जाहीर केलं, "आता फक्त मॅडमनी तयार होऊन यावं!"

शनिवारी मालकांनी मला धुतलेला शर्ट घालून सकाळपासून पुढे उभं केलं. दुकान उघडलं आणि पहिलं गिऱ्हाईक आत आलं. आमच्या गल्लीतले निवृत्त पोस्टमास्तर. अंगात आम्हीच धुतलेला लोकरी कोट. चेहरा पांढराफटक. त्यांनी काउंटरवर एक चिठ्ठी ठेवली.

"हे मला कुणी कळवलंय?"

मी चिठ्ठी बघितली. अक्षर माझं होतं! पास अवे. मागे: मरण पावणे. खाली आकडा: सतरा.

"कळवलं ते कळवलं," पोस्टमास्तर म्हणाले. "चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या तारा पोचवल्या, एक दिवस आपलीही येणार हे माहीत होतं. पण नीट लिहायला नको? सतरा म्हणजे सतरा वर्षं की सतरा तारीख? वर्षं असतील तर माझी काही तक्रार नाही. तारीख असेल तर ती मंगळवारी आहे, आणि त्याच दिवशी मला दाढ काढायला जायचंय. मग उगाच कशाला काढून घेऊ?"

मालक माझ्याकडे बघायला लागले. "काय प्रकार आहे हा?"

मी कबूल करायला तोंड उघडलं होतं हो! पण नजर खुर्चीवर गेली आणि तोंड आपोआप मिटलं. तेवढ्यात दार धाडकन उघडलं. एक आडदांड गृहस्थ एका लाजऱ्या तरुणाला दंडाला धरून आत घेऊन आले.

"उद्या माझ्या मुलीचं लग्न आहे!" ते गरजले. "जावयाचा सूट मी स्वतः तुमच्याकडून नेला. सहज खिसा चाचपला, तर हे! कॉल ऑफ. मागे काय लिहिलंय? ठरलेलं रद्द करणे! लग्न मोडायचंय तर तोंडाने सांग ना! सासऱ्याला चिठ्ठी कसली लिहितोस?"

"अहो, मी नाही लिहिलं!" जावई रडकुंडीला आला होता. "मला लग्न करायचंय! मी तर दिवस मोजतोय!"

"मग कुणी लिहिलं? अक्षर बघ! घाबरट माणसाचं अक्षर आहे हे!"

हे मात्र मला लागलं. माझ्या अक्षराला शाळेत बक्षीस मिळालं होतं. पण ती सांगायची वेळ नव्हती.

त्यांच्या पाठोपाठ एक किडकिडीत कारकून धावत आले, आणि त्यांनी काउंटरवरून हात लांब करून मालकांचा हात हातात घेतला.

"थँक्यू! तुमच्या चिठ्ठीने आयुष्य बदललं! स्टँड अप टू, ठामपणे सामोरे जाणे! नऊ वर्षं ज्या साहेबासमोर मान वर केली नव्हती, त्याला काल तोंडावर सांगितलं की रविवारी कामाला येणार नाही. साहेब चक्क 'बरं' म्हणाला! आता पुढे काय करू? मी दुसरा खिसाही बघितला, त्यात काहीच नाही!"

आरडाओरडा ऐकून मावशी मागच्या खोलीतून आल्या. चिठ्ठ्या बघितल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "या होय? या गिऱ्हाइकांच्याच आहेत. इस्त्रीच्या टेबलावर रोज उजवीकडे निघतात. जिच्याशेजारी जो कपडा, त्याच्या खिशात मी घालते. आठवड्यात चांगल्या शंभर घातल्या. एक हरवू दिली नाही!"

"आणि तुम्ही वाचल्या नाहीत?" मालक ओरडले.

"दुसऱ्याचा कागद मी वाचू?" मावशींचा आवाज चढला. "नियम कुणी लिहिलाय भिंतीवर?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि त्याच क्षणी डोळ्यांपुढे अंधारीही आली. शंभर चिठ्ठ्या! शहरभर शंभर खिसे! गावात किती जण नमतं घेत असतील आणि किती जण नाद सोडून बसले असतील, देव जाणे.

तेवढ्यात अकरा वाजले आणि मॅडम आल्या. उंच, ताठ, अंगात तेच राखाडी जाकीट. चेहऱ्यावर हसू नाही. त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढून मालकांसमोर धरली आणि थंड आवाजात विचारलं, "यू टर्न अस डाउन?"

मालकांना वाटलं, बाई इस्त्रीची तारीफ करतायत. ते तोंडभर हसले, "येस, येस! थँक्यू!"

"यू टर्न डाउन माय होटेल?"

"येस! ऑल होटेल! व्हेरी हॅपी!"

मॅडम वळल्या आणि दाराकडे चालायला लागल्या. बाकी सगळे नुसते बघत होते. त्या खोलीत काय घडतंय हे फक्त एका माणसाला कळलं होतं, आणि तो माणूस मी होतो! टर्न डाउन, नाकारणे, आकडा बेचाळीस! पुढे गेलो तर चूक कबूल करावी लागणार, गप्प बसलो तर हॉटेल जाणार. मी काउंटरला वळसा घालून धावलो आणि दारात आडवा उभा राहिलो.

"मॅम! नो, नो! वुई नॉट टर्न डाउन! प्लीज, होल्ड ऑन!"

होल्ड ऑन! थांबणे! मॅडम थांबल्या! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या इंग्रजीने एक माणूस जागच्या जागी थांबला!

मग माझी गाडी जी सुटली ती सुटलीच. चिठ्ठी माझी, अभ्यास माझा, हे मी कबूल करून टाकलं. "आय मिक्स अप! आय स्क्रू अप! आय ओन अप!" पोस्टमास्तरांना पुढे ओढलं. "धिस मॅन, नॉट पास अवे!" पोस्टमास्तरांनी पुरावा म्हणून एक खणखणीत शिंक दिली. जावयाला पुढे केलं. "धिस वेडिंग, नॉट कॉल ऑफ! टुमारो, गो अहेड!" सासऱ्यांना माझं इंग्रजी कळलं नाही, पण जावयाचा फुललेला चेहरा कळला, आणि त्यांनी दंड सोडला. कारकुनाला मी पुढे घेतलं नव्हतं, तरी ते आपणहून येऊन ठामपणे उभे राहिले.

मॅडमच्या ओठाचा कोपरा हलला. त्यांनी मावशींकडे बोट दाखवून विचारलं, यांनी चिठ्ठ्या खिशात का घातल्या? मी भिंतीवरचा नियम दाखवला.

"पॉकेट थिंग, मॅम, शी नेव्हर थ्रो अवे. नेव्हर रीड. ऑलवेज गिव्ह बॅक!"

मॅडम मावशींकडे बघतच राहिल्या. आधीच्या लाँड्रीकडून पाहुण्यांच्या वस्तू कधी परत आल्या नव्हत्या, म्हणून तर त्या नवीन लाँड्री शोधत होत्या. आणि इथे एका बाईने कागदाचे शंभर कपटेसुद्धा जपून परत केले होते! त्या एकदम खळखळून हसल्या. मग त्यांनी आपली चिठ्ठी उलटी करून मागचं अक्षर दाखवलं आणि हे काय, असं विचारलं.

"नाकारणे," मी म्हणालो.

"ना-का-र-ने," त्या म्हणाल्या. त्यांना तो शब्द भलताच आवडला. पुन्हा पुन्हा म्हणत त्यांनी कागदांवर सही केली. हॉटेलचे सगळे कपडे आमचे!

मालक माझ्याकडे आले. मला वाटलं, आता हजेरी घेणार. "शंभर लोकांना चिठ्ठ्या वाटल्यास," ते म्हणाले. मी मान खाली घातली. "पण बाई माझ्या हातून गेली होती रे! बस त्या खुर्चीवर."

मी बसलो. मावशींनी टाळ्या वाजवल्या. कारकुनांनी तर डोळे पुसले. पोस्टमास्तर म्हणाले, "म्हणजे दाढ काढूनच घ्यावी लागणार," आणि खिन्नपणे निघून गेले. संध्याकाळी बायको मुद्दाम दुकानावरून चालत गेली, दोनदा! दुसऱ्यांदा शेजारणीला घेऊन.

पुढच्या शनिवारी मॅडम पुन्हा येणार होत्या. मी आठवडाभर तयारी केली. लेकीकडून आणखी शंभर जोड्या घेतल्या, या वेळी वहीत. दार उघडल्याबरोबर मी उठून सुरुवात केली, "गुड मॉर्निंग, मॅम! आय वॉज लुकिंग फॉरवर्ड टू..."

"नाही, नाही!" मॅडमनी बोट हलवलं. पर्समधून त्यांनी एक जाड गठ्ठा काढला. गिऱ्हाइकांनी आठवडाभरात दुकानात परत आणून दिलेल्या माझ्या चिठ्ठ्या त्यांनी हॉटेलचा माणूस पाठवून मालकांकडून गोळा केल्या होत्या आणि मागची बाजू कुणाकडून तरी वाचून घेतली होती. "मी मराठी शिकणे. तुम्ही इंग्लिश नाही. बंद! फक्त मराठी!"

"पण मॅम, आय कॅन..."

"बंद!"

"ऐकलंस ना?" मागून मालकांचा आवाज आला. "गिऱ्हाईक म्हणेल तसं!"

आता त्या दर शनिवारी अर्धा तास माझ्यासमोर बसून मराठी बोलतात आणि माझ्याकडून चुका दुरुस्त करून घेतात. अख्ख्या गावात इंग्रजीच्या जोरावर काउंटर मिळवणारा मी एकटा, आणि इंग्रजी बोलायची बंदी असलेलाही मी एकटाच!