खरखरीवर अठरा किलोंचा इलाज

सासऱ्यांचा रेडिओ खरखरतो, ही तक्रार सासऱ्यांची कधीच नव्हती. ती माझी होती. खरखर कुठे संपते आणि बातम्या कुठे सुरू होतात, हे त्यांना एकेचाळीस वर्षांच्या सवयीने बरोबर कळायचं. पण इलेक्ट्रॉनिक्स हा माझा छंद (बायको त्याला 'पसारा' म्हणते), आणि एका रविवारी मी बोलून गेलो, "आणा इकडे, पाच मिनिटांत करून देतो."

कामाच्या वेळी कानाशी कटकट नको म्हणून आधी आवाज पार बारीक केला, मग मागचं झाकण काढलं, मग आतला सगळा सांगाडा खोक्यातून बाहेर ओढला. आत धूळ होती, एक मेलेलं झुरळ होतं आणि चाळीसेक सुटे भाग माझ्याकडे बघत होते. मी दोन वायरी हलवल्या, एक जोरदार फुंकर मारली आणि कान लावला. खरखर थांबली होती. बातम्याही थांबल्या होत्या.

सासरे आमच्याकडेच राहतात. त्यांनी त्या दिवसापासून माझ्याशी अबोला धरला. दोन खोल्यांच्या घरात अबोला धरणं सोपं नसतं. मी समोर बसलेलो असताना ते मुलीला सांगत, "तुझ्या नवऱ्याला म्हणावं, पाय उचल, मला पलीकडे जायचंय." आणि रोज सकाळी सातला ते रेडिओचं रिकामं खोकं टेबलावर ठेवून त्याला कान लावून बसत. सव्वासात झाले की उठत आणि म्हणत, "आज विशेष काही नाही."

म्हाताऱ्या माणसाची सकाळ मी स्क्रू काढून ठेवली होती, आणि ती परत जोडायची कशी हे मला ठाऊक नव्हतं.

शेवटी मी कचेरीतल्या आवक-जावक कारकुनाला गाठलं. त्याने तरुणपणी कुठल्याशा कारखान्यात सहा महिने काढले होते, तेव्हापासून सगळे त्याला मेगाहर्ट्झ म्हणतात.

"तू आंधळ्यासारखा चाचपडतोयस," तो म्हणाला. "ऑसिलोस्कोप घे. वायरीतून काय वाहतंय ते पडद्यावर दिसतं. सिग्नल जिवंत असेल तर लाट, मेला असेल तर सरळ रेघ."

"परवडेल असा मिळेल?"

"आधी किती मेगाहर्ट्झ हवेत ते ठरव. लागतात त्याच्या पाचपट घ्यायचे."

"मला किती लागतात?"

"ते बघायला ऑसिलोस्कोप लागतो."

झालं. परवडणारा ऑसिलोस्कोप शोधणं हे माझं जीवनकार्य होऊन बसलं. एक खिशात मावणारा होता, पण तो घेतलेल्या लोकांनी 'मुलं खूश आहेत' असं लिहिलं होतं. एक लॅपटॉपला जोडायचा होता, पण लॅपटॉप बायकोचा, आणि रेडिओचं काय झालं ते तिने पाहिलं होतं. चार चॅनेलवाला नवाकोरा होता, त्याच्या किमतीत फ्रीज आला असता.

"चार ठिकाणचं एकदम बघून करणार काय?" बायको म्हणाली. "तुम्हाला समोरचा साखरेचा डबा दिसत नाही."

मी एकोणतीस रकान्यांचा तुलनात्मक तक्ता केला (कचेरीत, कचेरीच्या वेळेत). साहेबांनी तो मागून पाहिला आणि साऱ्या विभागाला सुनावलं, "काम असं करतात!" नोकरीत मिळालेली माझी एकमेव शाबासकी ती.

दीड महिन्याने तक्त्यातून काहीच निघालं नाही, तेव्हा दुकान आवरायला काढलेल्या एका टीव्ही मेकॅनिककडे मला जुना, काचेच्या गोल पडद्याचा ऑसिलोस्कोप सापडला.

"चालू आहे ना?" मी विचारलं.

"यंत्र चालू आहे साहेब," तो म्हणाला. "चालवणाऱ्याचं मी काय सांगणार?"

किंमत परवडली. वजन अठरा किलो होतं. तीन मजले चढून मी दारात उभा राहिलो तेव्हा बायकोने विचारलं, "हे काय? कुणाची तिजोरी उचलून आणलीत?"

सगळ्यांना समोर बसवून मी यंत्र सुरू केलं. रेडिओही सुरू केला, यंत्राच्या वायरीचं टोक त्याच्या आत टेकवलं. पडद्यावर हिरवी रेघ उमटली. सरळ. मी इथे टेकवलं, तिथे टेकवलं, बटणं फिरवली. सरळच.

"गेला," मी जड आवाजात म्हणालो.

सासऱ्यांनी त्या रेघेला हात जोडले. मग मुलीकडे वळून म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला विचार, जाताना रेडिओला त्रास झाला का."

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. खालच्या मजल्यावरच्या मावशी आल्या, इस्त्रीवाला आला, सासऱ्यांसोबत फिरायला जाणारे दोन मित्र आले. सगळे त्या सांगाड्यासमोर हात बांधून बसले.

"वय काय होतं?"

"एकेचाळीस."

"हे काही जायचं वय नाही. शेवटी काही बोलला का?"

"नुसता खरखरला," सासरे म्हणाले.

"घरीच गेला?"

"जावयाच्या हातात."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रेडिओ आणि यंत्र सुरू केलं, वायरीचं टोक आत अडकवलं आणि ती सरळ रेघ पुराव्यादाखल दाखवली. मावशींनी डोळ्यांना पदर लावला.

एवढ्या माणसांसमोर यंत्रावर धूळ दिसते म्हणून बायकोने फडकं आणलं आणि बटणांवरून खसाखसा फिरवलं. त्याबरोबर ती हिरवी रेघ दचकली आणि थयथय नाचायला लागली.

"जिवंत आहे!" मावशी किंचाळल्या.

झालं होतं असं की, त्या यंत्रावर सव्वीस बटणं आणि खटके होते. त्यातला नखाएवढा एक खटका 'ग्राउंड'वर होता. तो तिथे असला की यंत्र कानात बोळे घालून बसतं, समोर काहीही चालू द्या, रेघ सरळच. मी तेवढा एक सोडून बाकीचे पंचवीस फिरवले होते. बायकोच्या फडक्याने नेमका तोच सरकला.

"जिवंत आहे, तर बोलत का नाही?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

मी घसा साफ करून ट्रान्झिस्टरबद्दल समजावणार, तोच सासरे उठले. त्यांनी सांगाड्यावरचं आवाजाचं बटण धरलं. ते शून्यावर होतं. मी त्या रविवारी ठेवलं होतं, तिथेच. सासऱ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तो सगळा राग त्या बटणावर काढला. दहा वेळा इकडून तिकडे कचाकचा पिळलं. आणि घरभर बातम्या घुमल्या! जुनी खरखर कुठल्या कुठे पळाली होती. मागे बारीकशी घरघर होती, पण त्या आनंदात तिकडे कोण लक्ष देतो? मावशींनी तर चहाच मागितला.

"अरे, बटणात धूळ बसते," दुसऱ्या दिवशी मेगाहर्ट्झ म्हणाला. "दहा वेळा गरगर फिरवलं की जाते. सगळ्यात आधी तेच करतात."

"मग आधी बोलला का नाहीस?"

"तू खरखरीचं कुठे विचारलंस? तू किती मेगाहर्ट्झ ते विचारलंस."

त्याच्या पुढच्या सकाळी सातला मी उठून बाहेर आलो. सासऱ्यांच्या खुर्चीशेजारी माझा ऑसिलोस्कोप ठेवलेला, आणि त्यावर खोक्यात नीट बसवलेला रेडिओ स्वच्छ आवाजात बोलत होता. सासऱ्यांनी मान वर केली.

"जावईबापू," ते म्हणाले.

दोन महिन्यांनी! आणि थेट मला!

"वस्तू चांगली निवडलीत. उंचीला बरोबर कानाशी येते."

(एकोणतीस रकान्यांत उंचीचा रकाना नव्हता.) मला इतकं भरून आलं की बातम्यांची लाट कशी दिसते ते त्यांना दाखवावं म्हणून मी यंत्राच्या बटणाकडे हात नेला. त्यांनी तो मधेच धरला.

"फक्त हे चालू करू नका. हे चालू असलं की रेडिओत खरखर येते."