सारजा चित्तिणीचे मंगलस्नान

श्रीगजवदनास वंदन. ऐकणार सावध असोत, लिहिणारास धीर असो. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी राज्यात वर्तमान वर्तले ते ऐसे जे, थोरल्या आऊसाहेबांची शिकारी चित्तीण सारजा वृद्धापकाळे मृत्यू पावली होती, आणि तिचे कातडे कमावून जामदारखान्यात ठेविले होते, आणि मग वर्षे लोटली व आऊसाहेबांची दृष्टी गेली. काशीस जाण्याचा मुहूर्त ठरला. वयोमाने परत येणे नव्हते. तेव्हा आज्ञा जाहली की, निघण्यापूर्वी सारजेचे कातडे तिच्या देहाच्या लाकडी साच्यावर चढवून ती उभी करावी, आम्ही एकवार हात फिरवून ओळखू. मेली जनावरे जिवंतासारखी उभी करण्याचे कामी दारोगे लतीफखान निपुण, त्यांनी कातडे उलगडिले, तो ते पापडासारखे कडक. म्हणाले, "असेच साच्यावर ओढले तर कान मोडतील, ओठ फाटतील. दुसरे कातडे नाही. आधी पाणी पाजले पाहिजे."

परंतु राज्याची रीत ऐशी की, जामदारखान्यातील वस्तूस मंगलस्नानाखेरीज पाणी लावू नये. सबब उपाध्ये विसाभट बोलाविले, ते चांदीच्या वाट्या घेऊन आले.

"भटजी, यात काय?" खानांनी पुसिले.

"पंचामृत. दूध, दही, तूप, मध, साखर. दरबारचे स्नान आहे."

"दही लागले तर कातडे कुजेल, केस मुठीत येतील. टकली चित्तीण आऊसाहेबांपुढे तुम्ही नेणार की मी?"

"आणि तुमचे पाणी कसले?"

"कोमट. त्यात मीठ."

"स्नान घालता की लोणचे?"

आऊसाहेब जवळच बसून ऐकत होत्या, त्या हसल्या आणि बोलिल्या, "विसाभट, पंचामृत साच्याच्या पायांवर घाला. कातड्याचे खानसाहेब पाहतील. मंत्र दोहींस पुरतील."

मग मंत्र चालू जाहले, आणि खानांनी कापसाचे बोळ्याने कातड्याची आतली बाजूच भिजविली, केसांची बाजू कोरडी राखिली, कान, ओठ व पंजे यांस अधिक ओल दिली, आणि आतली बाजू आत ठेवून घडी केली व ओल्या फडक्यात गुंडाळून तळघरी ठेविली. स्नानानंतर चौघडा वाजवावा ही रीत, म्हणोन वाजंत्री पुढे सरसावले. खान म्हणाले, "आता ओल मुरू द्यावी. हात लावू नये."

"मग निजू द्या," आऊसाहेबांनी सांगितले, आणि चौघडा वाजावयाचा राहिला, आणि वाड्यातील लोक तळघरावरून चवड्यांवर चालू लागले.

दुसरे दिवशी प्रातःकाळी निघण्याचा मुहूर्त, मेणा सिद्ध जाहला आणि खानांनी घडी उघडली. पाठ मऊ होती, परंतु कानांची मुळे अजून ताठ. खानांनी तेथे पुनः ओले फडके ठेविले आणि विसाभटांकडे पाहिले.

"किती वेळ लागेल?" भटजींनी हळूच विचारिले.

"जबरी केली तर आत्ताच होईल, आणि कान हातात येईल."

विसाभटांनी पंचांग उघडिले, बराच वेळ पाहिले, आणि मोठ्याने म्हणाले, "तिसरे प्रहरीचा मुहूर्त सकाळच्याहून उत्तम निघतो."

मग ओल मुरली, आणि कातडे आपले आपण सैलावले, आणि साच्यावर चढून ठायी ठायी बसले, कोठे ओढावे लागले नाही. आऊसाहेबांस हात धरून आणिले. त्यांनी पाठ चाचपली, मान चाचपली, मग डावा कान बोटांत धरून हळूच दुमडला. तो दुमडला आणि सोडताच पूर्ववत जाहला. कानाची कड एके जागी चिरलेली होती, तेथे बोट थांबले.

"रानडुकराने फाडिला होता," त्या बोलिल्या. "हीच ती. मेणा आणा."

येणेप्रमाणे सारजा उभी जाहली आणि आऊसाहेब मार्गस्थ जाहल्या. उशीर जाहला, तो कोणी कोणास पुसला नाही. घडले तैसे लिहून लेखणी ठेविली.