नानांची निवळलेली बाटली

आमच्या गल्लीत ॲल्युमिनियमचं पातेलं घासून ओट्यावर वाळत ठेवायची सोय नव्हती. शेजारचे नाना ते उचलून न्यायचे, कापून, ठोकून त्याच्या पट्ट्या करायचे. बायका भांडायला गेल्या की म्हणायचे, "अक्कानी विहीर साफ व्हऊ दे, मंग नवं लई देसू."

नाना जळगावच्या एका तेल मिलच्या लॅबमध्ये होते. मी तिथेच कारकून. मिलचं तेलकट पाणी मागच्या नाल्यात जायचं आणि नाल्याकाठी अक्काची विहीर. अक्का म्हणजे नानांची थोरली, विधवा बहीण. तिच्या विहिरीवर सदा तवंग.

नानांनी लग्न केलं नाही. घरात बादल्या आणि ट्रॅक्टरची जुनी बॅटरी. घाण पाण्यात पट्ट्या सोडायच्या, तारा जोडायच्या, की तेलाच्या गुठळ्या होऊन वर याव्यात. यायचा तो बहुतेक नुसता वास. "तेल हट्टी शे," नाना म्हणायचे, "पन मी बी शे."

दोन वर्षांनी एक बाटली निवळली. नाना ती मिरवत मालकांकडे गेले. असाच मोठा हौद मिलमध्ये बांधा, एवढंच मागणं. मालकांनी बाटली उजेडात धरली, नानांची पाठ थोपटली आणि बाटली ठेवून घेतली. आठवड्यानं मिलचं पाणी म्हणून तीच सरकारी तपासणीला गेली. तिच्यावरची चिठ्ठी मी लिहिली. नोकरीची भीती, दुसरं काय.

मिल पास झाली. कागदावर पाणी स्वच्छ, मग हौद कशाला? नाना मालकांच्या केबिनमधून बाहेर आले आणि कितीतरी वेळ चष्माच पुसत बसले. तपासणीहून परत आलेल्या बाटलीच्या चिठ्ठीवरचं अक्षर त्यांनी ओळखलं असणार. मला माझीच किळस आली.

चार दिवसांनी माफी मागायला गेलो. नाना अक्काच्या अंगणात बादलीपुढे उकिडवे बसले होते. अक्का शेजारी, डोळे बादलीत.

"विहीर कधी साफ होईल, नाना?" काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो.

"आते नही व्हनार, भाऊ," ते हळूच म्हणाले. अक्काला कमी ऐकू यायचं. "तिले सांगेल नही. मी रोज तिले एक बादली दखाडस. म्हनस, आज इतली व्हयनी."

अक्कानं ओंजळभर पाणी घेऊन हुंगलं आणि माझ्याकडे बघून समाधानानं हसली.

"यंदा बठ्ठी व्हई जाई," ती म्हणाली. सगळी विहीर, यंदाच.

मी मान डोलावली. माफी राहूनच गेली.