फोटो काढायला गेलेली टिटवी

एका जंगलात सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ही गोष्ट सुरू झाली. घड्याळ कोणाकडं होतं ते विचारू नका. आधी नीट बसा. ओट्याच्या काठावर कोण बसलंय, आत सरका. पडाल. हां, आता ऐका.

त्या जंगलात एक नदी होती. उन्हाळ्यात ती आटायची आणि एकच डोह राहायचा. डोहाच्या काठी गोट्यांवर एक टिटवी राहायची. टिटवी झाडावर राहत नाही बरं का. तिच्या पायाला फांदी धरायचं बोटच नसतं. ती अंडी घालते तीसुद्धा उघड्यावर, दगडगोट्यांत. मग काळजी लागणारच. ढग आला की ती ओरडायची. पान पडलं की ओरडायची. सगळे म्हणायचे, हिला सवयच आहे.

मागच्या वर्षी तिनं चार अंडी घातली होती. गवे पाण्यावर आले आणि अंड्यांवरून गेले. मुद्दाम नाही गेले. खाली बघितलं नाही, एवढंच.

टिटवीच्या घराण्यात एक रीत आहे. कोणी अंड्यांकडं यायला लागलं की आई पंख मोडल्यासारखा ओढत, लंगडत दुसरीकडं चालायला लागते. खाणारा म्हणतो, अरे वा, ही आयती सापडली, आणि तिच्या मागं लागतो. लांब गेला की ती भुर्रकन उडते. टिटवीनं गव्यांसमोरही लंगडून दाखवलं. पण गवे गवत खातात. त्यांनी तिच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही.

डोहाच्या मधोमध एक बेट होतं. तिथं गवे जात नसत. टिटवी उडून सहज गेली असती, पण बेट वाघमहाराजांच्या नावावर होतं. परवानगीशिवाय तिथं गवताची काडीसुद्धा हलत नसे. आणि यंदाची अंडी चार दिवसांवर आली होती.

तर सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मंजुळाबाई तिच्याकडं आल्या. मंजुळाबाई म्हणजे रानमांजर. जंगलात फॅशन शो सुरू केला तो त्यांनीच. त्यांच्या गळ्यात कॅमेरा लटकत होता. जिपड्यातून वाघ बघायला येणारी माणसं विसरून गेली होती तो.

"टिटवीबाई, आज संध्याकाळी पाचला शो आहे," मंजुळाबाई म्हणाल्या. "फोटो तुम्ही काढायचे."

"मी? मी कधी कॅमेरा हातात धरला नाही."

"कावळ्यानं धरला होता. मागच्या वर्षी त्यानं झाडावरून फोटो काढले. सगळ्यांची टाळकी आली. कपडे कुठं गेले म्हटलं, तर म्हणतो खाली असतील. मला जमिनीवर राहणारी बाई पाहिजे."

मंजुळाबाईंनी हळूच सांगितलं, "फोटो चांगले आले तर महाराज खूश होतील. बेटावरची जागा देतो म्हणालेत फोटोवाल्याला."

टिटवीनं कॅमेरा गळ्यात घातला.

टिटवीचे मालक गोटे निवडत होते. अंड्यांसाठी गोल खळगा करायचं काम त्यांच्याकडं होतं. ते म्हणाले, "तुला जमंल का गं?"

"जमवायला लागंल. तुम्ही खळगा करू नका अजून. बेटावर करू."

"आणि नाही मिळालं बेट तर?"

"अहो, असं बोलू नका," टिटवी म्हणाली, आणि तिनं एकदा ओरडून घेतलं.

मग ती बगळेकाकांकडं गेली. बगळेकाका जुने फोटोवाले. एका पायावर तीन तास उभे राहायचे. आता त्यांची नजर कमी झाली होती, पण सल्ला जोरात होता.

"हे बघ पोरी," बगळेकाका म्हणाले, "पहिली गोष्ट, लवकर जा. रॅम्पच्या टोकासमोर जागा धर. एकदा धरली की हलायचं नाही. तहान लागली तरी नाही."

"बरं काका."

"रॅम्प मोकळा असताना दोन-चार फोटो काढून उजेड बघून घे. संध्याकाळी पाणी चमकतं, डोळे दिपतात. अख्खं अंग आलं पाहिजे. शिंगापासून खुरापर्यंत. खूर कापलास तर मंजुळाबाई तुला कापेल. आणि पुढचा पाय जमिनीला टेकला की बटण दाब. पाय हवेत असताना काढलास तर जनावर लंगडं दिसतं. लंगडं दिसलेलं कोणाला आवडत नाही."

"फ्लॅश?"

"मुळीच नाही. डोळे चमकतात, पळापळ होते. बॅटरी भरून ने. टोकाला आल्यावर ते तीन मोजेपर्यंत थांबतात. खरा फोटो तोच." काकांनी पाय बदलला. "आणि मुख्य सांगतो. तू कपडे बघ. आत कोण आहे, त्याचं काय होतंय, ते आपलं काम नाही. फोटोवाला रॅम्पवर चढत नाही. आणि तोंड बंद ठेव. ओरडलं की हात हलतो. हात हलला की फोटो हलतो."

टिटवी घरी येईपर्यंत हेच पुटपुटत होती. लवकर जा. हलू नको. खूर कापू नको. ओरडू नको. शेवटचं तिला सगळ्यात अवघड वाटलं.

दुपारी दोनलाच ती जाऊन बसली. रॅम्प म्हणजे अर्जुनाच्या झाडाचं आडवं पडलेलं एक जाड खोड. ते काठावरून सरळ डोहात गेलेलं. टोकासमोर पाण्यात एक चपटा दगड होता. त्या दगडावर टिटवी बसली. तिथून रॅम्पही दिसत होता आणि रॅम्पच्या खालचं पाणीही. तेवढं खाली बसणारं दुसरं कोणी नव्हतं. प्रेक्षक सगळे वर काठावर.

तिनं मोकळ्या रॅम्पचे फोटो काढले. पहिला पांढरा आला. दुसरा काळा आला. तिसऱ्यात खोड दिसलं. चौथ्यात खोड दिसलं आणि टोकाखाली पाण्यावर दोन गाठी दिसल्या. लाकडाच्या असतील, टिटवी म्हणाली. आज ओरडायचं नाही.

पाच वाजले. महाराज पहिल्या रांगेत येऊन पसरले आणि लगेच डुलक्या घ्यायला लागले. यंदाची फॅशन होती दुसऱ्याचं अंग. म्हणजे आपलं सोडून कोणाचंही.

पहिला आला ससा. चिखलाचे पट्टे ओढून वाघ झालेला. टिटवीनं पाय टेकल्यावर बटण दाबलं. खूर कापले नाहीत. सशाला खूर नसतात, पण पंजे आले. ससा टोकापासून चार पावलं अलीकडं थांबला. एक, दोन, तीन. वळला. टाळ्या.

मग साळिंदर आलं. प्रत्येक काट्यावर पळसाचं एकेक फूल. त्याला वाटलं, सशापेक्षा पुढं गेलं पाहिजे. ते तीन पावलांवर थांबलं. मग रानडुक्कर आलं, अंगाला मोरपिसं. ते दोन पावलांवर. पुढं कोण जातो त्याचीच चढाओढ लागली.

टिटवीचे फोटो सुरेख येत होते. बटण दाबायचं, बघायचं, पुन्हा दाबायचं. तिला बेट दिसायला लागलं. बेटावरचा खळगा दिसायला लागला. खळग्यात चार अंडी.

तेवढ्यात पाण्यावरच्या गाठींनी डोळे मिटले आणि उघडले.

लाकूड डोळे मिटत नाही. ती मगर होती. जो अगदी टोकावर येईल त्याची ती वाट बघत होती.

शेवटी आलं चितळाचं पाडस. अंगावरचे ठिपके गेरूनं बुजवून त्याला सिंह केलं होतं. गळ्याभोवती वाळक्या गवताची आयाळ. ते सगळ्यांच्या पुढं गेलं. थेट टोकावर जाऊन उभं राहिलं, कॅमेऱ्याकडं तोंड, मान वर, खालच्या पाण्याकडं लक्षच नाही. चारही खूर टेकलेले. उजेड सोन्यासारखा. असा फोटो बगळेकाकांना जन्मात मिळाला नव्हता.

"एक," पाडसानं मोजलं.

टिटवीचं बोट बटणावर होतं. तू कपडे बघ, आत कोण आहे ते आपलं काम नाही. बेट. खळगा. चार अंडी.

"मागं हो," टिटवी ओरडली. "मगर आहे, मगर. सगळे मागं व्हा."

"झालं हिचं सुरू," काठावरून तरस म्हणालं.

"काल ही फुलपाखराला ओरडली," साळिंदर म्हणालं.

"फोटोवाल्याबाई, तोंड," मंजुळाबाईंनी दात दाखवले.

"फोटो हलंल गं," बगळेकाका मागून म्हणाले.

पाडसाला वाटलं आपलं कौतुक चाललंय. त्यानं मान अजून वर केली. "दोन."

पाण्यातून जबडा वर येत होता. टिटवीनं कॅमेरा दगडावर ठेवला. टाकला नाही, नीट ठेवला, दुसऱ्याची वस्तू ना. आणि ती उडाली ती रॅम्पवर. पाडसाच्या पायांतून टोकावर आली, एक पंख मोडल्यासारखा खाली सोडला आणि मगरीच्या नाकासमोरून लंगडत चालायला लागली. एक पाय टेकतोय, एक ओढतोय. पंख लाकडावर घासतोय. ती खोडावरून उतरली आणि उथळ पाण्यातल्या गोट्यांवरून तशीच पुढं गेली. मगरीनं पाडसाकडं बघितलं, टिटवीकडं बघितलं. मोडका घास पळत नाही, असं तिला वाटलं असणार. ती वळली आणि टिटवीच्या मागं लागली. वीस हात, तीस हात. मग जबडा मिटला, पाणी उडालं आणि टिटवी वर.

शेपटीचं एक पीस गेलं. बाकी सगळी शाबूत. घाबरू नका.

खोडाआडून निघून पाण्याखालून गेलेली मगर काठावर कोणाला दिसलीच नव्हती. दिसली ती फक्त टिटवीची चाल.

मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय चाल आहे," तरस म्हणालं. "अशी बघितली नव्हती कधी."

"आणि शेवटी पाणी उडवलं ते," साळिंदर म्हणालं. "खर्च केलाय मंजुळाबाईंनी."

आवाजानं महाराज जागे झाले. "शेवटची कोण होती?"

"टिटवी, महाराज," मंजुळाबाई पुढं होऊन म्हणाल्या. "माझीच कल्पना."

टिटवी धापा टाकत आली. "महाराज, मगर होती."

"हो हो, तीही छान होती," महाराज म्हणाले. "पण आम्हाला तू आवडलीस. काय पाहिजे?"

टिटवीला सगळं समजावून सांगायचं होतं. मग तिला गवे आठवले. "बेट," ती म्हणाली.

"दिलं. पण दर शोला असंच चालायचं."

एवढ्यात चितळीण तिच्यापाशी आली. पाडसाची आई. टिटवीला वाटलं, हिला तरी समजलं. आईला समजतं.

"टिटवीबाई," चितळीण म्हणाली, "माझ्या लेकराचा फोटो आला का?"

"नाही आला."

"एवढा टोकावर उभा राहिला आणि नाही आला?"

"कॅमेरा खाली ठेवला होता मी."

"येत नव्हतं तर कशाला घ्यायचं काम," चितळीण म्हणाली. "सकाळपासून गेरू लावत होते त्याला." आणि पाडसाला घेऊन निघून गेली. पाडस चालत होतं, चार पायांवर, आईच्या बरोबरीनं. टिटवी ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी वडाच्या बुंध्यावर फोटो लागला. टिटवीचा. दगडावर ठेवलेला कॅमेरा बगळेकाकांनी उचलला होता. फोटोत तिचा एक पाय हवेत होता.

"काका, पाय हवेत असताना काढायचा नसतो ना?" तिनं विचारलं.

"हवेत असतानाच काढायचा असतो," बगळेकाका म्हणाले. "मी पहिल्यापासून तेच सांगतोय."

टिटवी आणि मालक बेटावर गेले. खळगा झाला, चार अंडी झाली, चार पिल्लं झाली. गवे आले नाहीत.

इकडं जंगलात एका आठवड्यात सगळे लंगडायला लागले. ससा लंगडत गवताला जायचा. रानडुक्कर पुढचा पाय ओढायचं. चितळीण पाडसाला रोज तासभर लंगडायला शिकवायची, सरळ चाललं की ओरडायची. संध्याकाळी सगळे ओळीनं लंगडत, हळूहळू पाण्यावर यायचे.

मगरीला ही फॅशन फार आवडली.

टिटवी बेटावरून रोज ओरडते. मागं व्हा, पळा. काठावरचे एकमेकांना म्हणतात, बघा, आपल्यालाच हाक मारतेय. आणि जरा जास्त लंगडून दाखवतात.

परवा तिच्या धाकट्या पिल्लानं विचारलं, "आई, खरं कसं चालायचं गं?"

टिटवीनं त्याला उंच गवतामागं नेलं. आधी इकडं तिकडं कोणी बघत नाही ना, ते बघितलं. मग दोन्ही पंख अंगाशी घेतले आणि सरळ चालून दाखवलं. पिल्लू मागं मागं चाललं. एक पाय, दुसरा पाय.

"असं," ती म्हणाली. "पण कोणाला सांगू नको. बेट काढून घेतील."

तात्पर्य : संकट दिसलं तर ओरडू नये, ओरडणाऱ्याचा फोटो हलतो. काम मन लावून शिकावं आणि ऐन वेळी कॅमेरा खाली ठेवून नीट लंगडावं. जागा त्यालाच मिळते.

आणि मुलांनो, ही गोष्ट शेजारच्या घरी सांगा, त्यांना त्यांच्या शेजारी सांगायला सांगा. डोहाकडं जाणारं कोणी भेटलं तर त्याला आधी सांगा. फक्त ओरडून सांगू नका, कोणी ऐकत नाही. थोडं लंगडत सांगा.