देवभात आणि उलटी छत्री

आमच्या शुक्रवार पेठेत छत्रीचा उलटा उपयोग करणारा एकच माणूस होता, तो म्हणजे आमचे शेजारी दत्तोपंत मोजणीदार. कार्तिकात ते छत्री उघडून उलटी धरत, परडीसारखी. पावसाळ्यात ती मिटून कोटाच्या आत ठेवत आणि स्वतः भिजत. "पंत, डोक्यावर धरा की!" असं म्हटलं तर म्हणत, "कापड कुजलं तर देवभात कशात झेलू?"

देवभात म्हणजे तळ्याकाठच्या चिखलात स्वतःहून उगवणारा रानटी भात. आमचा मुलूख जोंधळ्याचा. इथे साधा भात दिसायची मारामार. पण गावाबाहेरच्या एका जुन्या तळ्याच्या कडेला, दोन खाटा मावतील एवढ्याच जागेत, तो दरसाल यायचा. तांबूस, बारीक दाणा आणि मागे लांब कुसळ. पिकला की नुसत्या धक्क्याने गळतो. विळा लावलात तर पेंढा तुमच्या हातात आणि दाणे चिखलात. म्हणून पंत गुडघाभर पाण्यात उभे राहून लोंब्या छत्रीवर वाकवत आणि टिचक्या मारत. आमचा गाडीवान मल्लाप्पा एकदा ते बघून म्हणाला, "बाई, ह्ये मानूस येडं हाय का वो?"

"नोकरीतून निवृत्त झालंय," मी म्हटलं.

"मग त्येच की!"

ऋषिपंचमीला आम्हा बायकांना बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, तेव्हा देवभात चालतो. पंत वर्षभर जपलेला भात त्या दिवशी मला ओंजळभर आणून देत, पण नेमका दुपारी, माझं जेवण उरकल्यावर. "अहो, सकाळी दिला असतात तर शिजला तरी असता!" असं मी दरवर्षी चिडून म्हणे. ते दरवर्षी म्हणत, "सकाळी जमत नाही, वहिनी." सकाळभर त्यांचं पुढचं दार मात्र सताड उघडं असे.

"आपोआप" हा त्यांचा आवडता शब्द. झाडाचं लिंबू तोडायचं नाही, पडेल आपोआप. दाराची कडी वाजवायची नाही. कुणाच्या तरी लक्षात येईल आपोआप. एकदा माझ्या दारात ते उभे होते आणि आत माझी अख्खी आरती झाली, नैवेद्य झाला. शेवटी मी खरकटं टाकायला बाहेर आले, तेव्हा म्हणाले, "तुमच्या घरातून धूर येतोय." दूध करपून गेलं होतं.

मग एक साल पाऊस झाला नाही. तळं तळाला गेलं, देवभात मूठभरच आला. पुढच्या भाद्रपदात, पंचमीला चार दिवस असताना पंत आले आणि त्यांनी चक्क कडी वाजवली.

"वहिनी, तुमची मंद्रूपला जमीन आहे. जाणार आहात का?"

"उद्याच."

त्यांनी फडक्यात बांधलेली पुरचुंडी पुढे केली. "यंदा एकीपुरताच आहे. तिथे आमचं कुटुंब असतं."

बारा वर्षांचा शेजार, आणि मी या माणसाला विधुर समजत होते!

मंद्रूपला त्यांची बायको वेणूबाई भावाच्या ओसरीवर जोंधळे निवडत होती. केस पांढरे, पाठ ताठ. पुरचुंडी सोडून तिने दाणे बोटांत चोळले.

"हा खरा आहे," ती म्हणाली. "मी इथे आले त्या वर्षी यांचं जमिनीच्या मोजणीच्या नादात तळ्यावर जायचं राहिलं, म्हणून बाजारचा जाडा तांदूळ आणून देवभात म्हणून दिला मला. पहिल्याच घासाला कळलं. पानावरून उठले आणि भावाच्या गाडीत बसले."

"किती वर्षं झाली?"

"माझे केस काळे होते."

"ते दरसाल हा भात गोळा करतात. पंचमीला दुपारपर्यंत दार उघडं टाकून बसतात." हे बोलता बोलताच मला ते दार कळलं.

तिने पुरचुंडी पुन्हा बांधून माझ्या हातात दिली. "मला तांदूळ नको होता, बाई. गाडी हवी होती. रुसून आलेली बाई आपल्या पायांनी परत जाते का कुठे? न्यायला यावं लागतं."

परतल्यावर मी पंतांना हे शब्दाला शब्द सांगितलं, मवाळ न करता. पुरचुंडी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"मला वाटलं, येईल—" एवढंच म्हणाले. पुढचा शब्द त्यांनी उच्चारला नाही.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी त्यांनी मल्लाप्पाची गाडी जुंपायला लावली. गाडीत गादी घातली, वर स्वच्छ चादर. काखेत छत्री, हातात ती पुरचुंडी.

संध्याकाळी गाडी परत आली. चादरीला एक सुरकुती नव्हती.

मी दारातच होते. मला आडून विचारता येत नाही. "नाही आल्या?"

"नाही. म्हणाली, आता भावजय अंथरुणाला खिळलीय, तिचं कोण करणार? तेव्हा आला असतात तर." पंत सावकाश खाली उतरले. "भात मात्र ठेवून घेतला."

त्यांचे हात रिकामे होते. उन्हाने चेहरा काळवंडला होता.

"आणि छत्री? विसरलात?"

"नाही," ते म्हणाले. "ती वेशीपर्यंत आली होती पोचवायला. ऊन फार होतं."