गवा भित्रा असतो

हेगलँड सरांच्या सदराला या आठवड्यात गवा आडवा गेला. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर साउथ डकोटातल्या आपल्या गावच्या साप्ताहिकात ते शब्दांच्या जन्मकथा लिहीत. यावेळचं क्रियापद होतं 'बफलो', म्हणजे दरडावून एखाद्याला गप्प बसवणं. तिकडे गव्यालाच बफलो म्हणतात, तेव्हा शब्द गव्यावरूनच आला, हे तर उघडच होतं. पण सरांनी पदरची भर घातली: 'गवा मुळात भित्रा. एक आरोळी ठोका, कळप पळत सुटतो.' सरांनी आयुष्यात गवा भरपूर खाल्ला होता, जवळून पाहिला मात्र नव्हता.

शुक्रवारी सकाळीच फोन आला. "सर, मी लव्हॉन ट्वेड्ट, तुमची विद्यार्थिनी. आमच्या कुरणात दोनशे भित्रे आहेत. या ना आरोळी ठोकायला! नाहीतर मी संपादकांशी बोलते."

संपादक डेलने बजावलंच होतं, "आणखी एक तक्रार आली, की तुमच्या जागी पाककृती!" सदर गेलं तर गावात आपल्याला कुत्रं विचारणार नाही, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. ते पिकअप घेऊन निघाले.

कुरणाच्या वाटेवर एक भला थोरला गवा आडवा उभा होता. सरांनी पिकअपची काच चार बोटं खाली केली आणि ओरडले, "हाऽट!"

गवा जवळ आला आणि पिकअपला मान खाजवू लागला. बाजूचा आरसा तुटून पडला. दुसरा "हाट" जेमतेम ओठांबाहेर पडला.

"सर, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाऊ दे!" कुंपणापलीकडून लव्हॉन ओरडली. वाक्य सरांचंच होतं.

सरांनी डेलला फोन लावला. "दुरुस्ती लिहून घे. गवा भित्रा नसतो. लेखक असतो."

तेवढ्यात वाऱ्याने लव्हॉनची टोपी उडवली. ती गडगडत गव्याच्या पायांपाशी आली मात्र, गवा शेपूट वर करून पळत सुटला आणि त्याच्यामागे अख्खा कळप!

"हॅलो, सर? आणखी काही लिहायचंय?" डेल विचारत होता.

लव्हॉनने टोपी उचलून झटकली आणि चष्म्यावरून सरांकडे पाहिलं. सर आठवीच्या वर्गाकडे चाळीस वर्षं अगदी असंच पाहत आले होते.

"काही नाही," सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

"पुढच्या आठवड्यात कुठला शब्द, सर?"

"तू म्हणशील तो."