सहदेवची खाऱ्या पाण्याची टाकी

गोड्या पाण्यातले मासे काय, कोणीही पाळतं. आपण खाऱ्या पाण्यातले पाळायचे, असं सहदेवने एका रविवारी चहा पिता पिता ठरवलं. चहा संपेपर्यंत विचार बदलताही आला असता. पण तो मोठ्याने बोलला, चंपाने विरोध केला, आणि मग नवरा म्हणून त्याच्यापुढे इलाजच उरला नाही.

"अहो, मांडवीचा समुद्र हाकेच्या अंतरावर आहे," चंपा म्हणाली. "तो बघायला जायचा कंटाळा, म्हणून घरात आणायचा?"

सहदेव रत्नागिरीच्या एका कचेरीत कारकून. (कचेरीत त्याच्या शब्दाला किंमत नव्हती, आणि घरी तो फारसं बोलत नसे.) त्याने काचेची लांबट टाकी करून घेतली, मुंबईहून हवेचा पंप मागवला, मिऱ्याच्या खडकांतून फुलासारखे जीव चिकटलेले दगड आणि दोन-चार रंगीत मासे आणले. टाकी बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी, चांगल्या उन्हात ठेवली. आठवडाभर आळीतली माणसं ती बघायला येत होती, आणि सहदेव पंपाने हवा भरल्यासारखा फुगत होता.

मग एका सकाळी चंपाची किंकाळी ऐकू आली.

"अहो, धावा! रक्त!"

सहदेव दात घासता घासता धावला आणि जागच्या जागी थिजला. दगड, वाळू, काच, सगळ्यावर लालभडक मखमल पसरली होती. त्यावर बुडबुडे, आणि वर कुबट वास. त्याने हात घातला, तर दुधावरच्या सायीसारखा बुळबुळीत थर हातात आला. त्याने तो सगळा काढला. दुसऱ्या दिवशी दुप्पट आला. पुन्हा काढला, पुन्हा आला. स्वयंपाकघरातलं टोप त्या कामाला वापरलं, तेव्हा चंपा पिशवी भरून गणपतीपुळ्याला माहेरी निघून गेली.

"एक तर ती घाण राहील, नाही तर मी," एवढंच ती दारातून म्हणाली.

आता टाकी वाचवणं म्हणजे संसार वाचवणं होतं. सहदेव बाटलीत थोडा थर घेऊन कॉलेजातल्या बायॉलॉजीच्या सरांकडे गेला.

"हे शेवाळ दिसतं, पण खरं म्हणजे हे जिवाणू आहेत," सर म्हणाले. "ऊन, साचलेलं पाणी आणि उरलेलं खाणं मिळालं की माजतात. माशांना खायला किती घालता?"

"चिमूटभर, सर."

घरी येऊन आईकडे चौकशी केली, तेव्हा सहदेव मटकन खालीच बसला. चिमूटभर तो घालत होता. चंपा त्याला चोरून सुकटीचा चुरा घालत होती. आणि ती आई, तुळसा, स्वतः दोन्ही वेळ मूठभर भात घालत होती.

"मुकी जनावरां उपाशी कशी ठेवायची?" तुळसा म्हणाली. सहदेव तिच्यावर असा काही ओरडला की म्हातारीने डोळ्यांना पदर लावला.

सरांनी उपाय सांगितला होता: थर नळीने ओढून काढा, ताजं समुद्राचं पाणी घाला, पाणी खेळतं ठेवा, खाणं तोडा, आणि तीन दिवस टाकी पूर्ण अंधारात ठेवा. सहदेवने रजा टाकली. (कारण: घरगुती अडचण.) खिडक्या लावल्या, टाकीवर पांढरी चादर पांघरली, वास जावा म्हणून उदबत्त्या लावल्या. तिसऱ्या दिवशी तुळसाला राखणीला बसवून तो हातगाडीवर पिंपं घालून पाणी आणायला मांडवीला गेला.

तेवढ्यात कचेरीतला दादू चौकशीला आला. पुढचं संभाषण सहदेवने मागाहून दोघांना विचारून जुळवलं, ते असं.

काळोखी खोली, उदबत्तीचा धूर, पांढरी चादर, आणि शेजारी डोळे पुसणारी म्हातारी. दादूने चपला दारातच काढल्या.

"मावशी... सहदेव?"

"नुको इचारू बाबा," तुळसा म्हणाली.

"पण असं अचानक? कशानं?"

"खाण्यानं. माज्याच हातानं भरवलाय रे मी."

"मग अजून असं ठेवलंय का?"

"तीन दिस झाकून ठेवायचा हाय. सरांनी सांगितलानी. आदी उघडला तर परत उठल."

चादरीखालून गुळगुळ आवाज येत होता. बर्फाच्या पेटीत ठेवलाय, बर्फ वितळतोय, मुंबईची माणसं यायची असतील, असा दादूने हिशोब जुळवला आणि तो कचेरीकडे धावत सुटला.

भरतीची वाट बघण्यात दोन-तीन तास गेले. सहदेव हातगाडी ढकलत परतला, तर अंगणात ही गर्दी! बांबू येऊन पडलेले. आई गेली! हातगाडी सोडून तो गर्दीत घुसला, तसं पुढच्या माणसाने मागे न बघताच त्याला कोपराने अडवलं.

"ढकलू नका हो. घरच्यांना पुढे जाऊ द्या."

"कोण गेलं?" सहदेवने रडवेल्या आवाजात विचारलं.

"सहदेव."

आपण नक्की आहोत ना, हे सहदेवने स्वतःला चिमटा काढून पाहिलं. तेवढ्यात ओट्यावरून कचेरीतल्या साहेबांचा आवाज आला, "सहदेव अतिशय सरळ माणूस होता. कामाचं म्हणाल तर... असो. फार सरळ होता."

"साहेब!" सहदेव ओरडला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. शेजारची सखू किंचाळून तुळशीवृंदावनामागे लपली. दादूने हात जोडून डोळे मिटले. साहेबांनी टोपी काढली होती, ती घाईने पुन्हा घातली.

त्याच वेळी चंपा आली. गणपतीपुळ्याला तिच्या माहेराशेजारच्या दुकानात दादूने फोन केला होता. मोकळे केस, हंबरडा फोडत ती सहदेवला बाजूला सारून थेट आत गेली आणि तोवर कोणालाच जवळ येऊ न देणाऱ्या तुळसाला न जुमानता तिने चादर ओढली. कोणीतरी खिडकी उघडली.

काच लख्ख होती. दगड स्वच्छ. लाल थराचा ठिपकाही नाही, आणि मासे भुकेल्या तोंडाने काचेशी येऊन सगळ्या शोकाकुल मंडळींकडे बघत होते.

"मासे?" साहेब म्हणाले.

"गेली घाण!" सहदेव आनंदाने ओरडला. मग चंपाने त्याला नीट पाहिलं, आणि ती धपकन भिंतीला टेकून बसली.

मंडळी पांगली. (साहेब जाताना रजा रद्द करून गेले.) सहदेव हळूच बायकोजवळ बसला. तिचे डोळे रडून सुजले होते. त्याला गहिवरून आलं.

"चंपा, माझ्यासाठी एवढी रडलीस?"

"एवढी? पुळ्यापासून स्टँडपर्यंत अख्खी एसटी रडत होती. ड्रायव्हरने माझ्यासाठी वाटेतले थांबेसुद्धा घेतले नाहीत. कंडक्टर तर म्हणाला, ताई, आता आम्हीच तुमचे भाऊ."

"मग आता?"

"आता काय! पिशवी तिकडेच राहिलीय. उद्या मी सकाळच्या गाडीने जाते," चंपा डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही न्यायला येणार असाल, तर त्या एसटीत जिवंत दिसू नका; मेहेरबानी करून चालत या."